कवठ, शिंपला, शेंग आणि जांभा: आधुनिक वळणाचं स्थिरचित्र, रंगवण्यापासून भिंतीवर लावण्यापर्यंत

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना स्थिरचित्र म्हटलं की पितळी तांब्या, दोन कांदे, एखादं वांगं आणि मागे चुण्या पाडून सोडलेला कपडा आठवतो. तांब्यावरचा चकाकता ठिपका सगळ्यात शेवटी, श्वास रोखून द्यायचा. चित्र हुबेहूब उतरलं की मार्क चांगले. त्या सरावाने हात बसतो आणि बसलेला हात जन्मभर पुरतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. पण आधुनिक वळणाचं स्थिरचित्र करायला घेतलं की हाच हात आड येतो. तो प्रत्येक वस्तू सुटी सुटी गोल करत, उठाव देत बसतो आणि दोन वस्तूंच्या मधल्या जागेकडे त्याचं लक्षच जात नाही.

मी रविवारी घरी सात-आठ जणांना शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना एवढंच सांगते, की कवठ रंगवू नका, कवठ आणि शिंपला यांच्या मधली जागा रंगवा. पुढे सांगितलेलं सगळं, अगदी भिंतीला भोक कुठे पाडायचं इथपर्यंत, त्या मधल्या जागेचाच हिशेब आहे.

वस्तू कुठल्या घ्यायच्या

निसर्गातल्या वस्तू घ्यायच्या त्या त्यांच्या घाटासाठी. बाटली डावी-उजवीकडून सारखीच दिसते. कवठ जरासं फिरवलं की त्याची कड बदलते. अमेरिकी चित्रकार जॉर्जिया ओकीफ १९२९ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोत गेली आणि तिथल्या वाळवंटात विखुरलेल्या जनावरांच्या हाडांनी तिला वेड लावलं. पुढच्या वर्षी तिने पिंपात भरून हाडं पूर्वेकडच्या घरी पाठवली. गाईच्या कवटीचं तिचं गाजलेलं चित्र १९३१ चं. आपल्याकडे वाळवंट नाही, पण परसात, समुद्रावर आणि रस्त्याकडेला पडलेल्या वस्तूंची चंगळ आहे. असोला नारळ, सालासकट वाळलेली सुपारी, गुलमोहोराच्या काळ्या शेंगा, सावरीची उकललेली बोंडं, नदीतले गोटे, जांभ्याचा खडबडीत तुकडा, बेलफळ आणि कवठ.

माझा नेहमीचा संच चार वस्तूंचा आहे: एक कवठ, एक मोठा कालवाचा शिंपला, गुलमोहोराची एक लांब शेंग आणि मुठीएवढा जांभा. एक गोल, एक पसरट, एक लांब, एक ओबडधोबड. याहून जास्त वस्तू घेतल्या की बाजार भरल्यासारखं होतं. पहिल्या चित्राला तर तीनच घ्या.

ताजी फळं सुरुवातीला टाळा. फ्रेंच चित्रकार सेझान इतका सावकाश रंगवायचा की फळं नासायची, फुलं कोमेजायची. शेवटी तो कागदी फुलं समोर ठेवून काम करायला लागला. कवठ मात्र कठीण सालीमुळे तीन-चार आठवडे जागचं हलत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात येतं तेव्हा दोन घेऊन ठेवा, एक चित्राला आणि एक चटणीला.

समुद्रावरून काही उचलताना आत खेकड्याने बिऱ्हाड केलेलं नाही ना, हे आधी बघा. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते गोळाही करू नका आणि विकतही घेऊ नका. खाऊन टाकलेल्या कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले कोळणीकडे मागितले तर मिळतात. ते एक रात्र गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचे. शेंगा आणि बोंडं दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, नाहीतर आतली कीड घरभर फिरेल.

मांडणी

खिडकीजवळ छोटं टेबल घ्या, वर साधा ब्राऊन पेपर अंथरा. चुण्यांचा कपडा नको. प्रकाश एकाच बाजूने आला पाहिजे. उत्तरेची खिडकी चित्रकारांची आवडती, कारण तिथून ऊन थेट येत नाही. आपल्याकडे त्याला एक अपवाद आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. त्या दिवसांत खिडकीला पांढरं मलमल लावा. रात्री काम करायचं असेल तर एकच दिवा, डावीकडून वर, आणि खोलीतला ट्यूबलाइट बंद.

आता जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला ४ × ५ सेंटिमीटरची खिडकी कापा. १६ × २० इंची कॅनव्हासचं हेच प्रमाण आहे. एक डोळा मिटून त्या खिडकीतून वस्तू बघा. वस्तूंची नावं विसरून फक्त त्यांच्या मधले तुकडे बघायचे. कवठ आणि शेंग यांच्यात त्रिकोण दिसतो का? शिंपला आणि जांभा एकमेकांना जेमतेम टेकलेत का? असं टेकणं वाईट दिसतं. एकतर अंतर ठेवा, नाहीतर एक वस्तू दुसरीच्या मागे निम्मी दडू द्या. खिडकीच्या कडेशी निदान एका वस्तूची गाठ पडू द्या, म्हणजे शेंगेचं टोक चौकटीबाहेर जाऊ द्या. मग कडेचे रिकामे तुकडेही आकार घेतात. चारही वस्तू मधोमध गोळा झाल्या तर भोवती नुसती पडीक जागा उरते.

फळ हवं तसं कलत नसेल तर खाली नाणं सरकवा. सेझान हेच करायचा, फळांखाली नाणी ठेवून त्यांना हवा तेवढा कल द्यायचा. माझ्या कवठाखाली बहुतेक वेळा दोन रुपयांची दोन नाणी असतात. मांडणी जमली की प्रत्येक वस्तूभोवती ब्राऊन पेपरवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा. इटलीतल्या बोलोन्यात राहणारा चित्रकार जॉर्जो मोरांडी जन्मभर त्याच त्या बाटल्या आणि भांडी मांडत राहिला, मधूनमधून शिंपलेही. त्याच्या टेबलावरच्या कागदावर अशा खुणांचं जाळं झालेलं होतं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर या रेघेची किंमत दुसऱ्याच दिवशी कळते.

काडेपेटीएवढी रेखाटनं

हा टप्पा सगळे गाळतात, आणि चित्र बिघडतं ते इथेच. काडेपेटीएवढ्या सहा चौकटी आखा आणि ६बी पेन्सिलीने प्रत्येकीत तीनच छटा भरा: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि काळा. डोळे किलकिले केले की तपशील गळून पडतात आणि छटांचे मोठे ठोकळे उरतात. प्रत्येक चौकटीत एक गोष्ट बदला. एकीत टेबलाची मागची कड वर न्या, एकीत ती पुसूनच टाका, एकीत पार्श्वभूमी काळी करा.

टेबलाच्या कडेचा निर्णय नीट विचार करून घ्या. कड ठेवली तर खोली दिसते, वस्तू टेबलावर ‘बसतात’. कड काढली तर टेबल आणि भिंत एकच पट्टा होतो आणि आकार पृष्ठभागावर चिकटवल्यासारखे दिसतात. माझं मत विचाराल तर मधला मार्ग चांगला: कड ठेवा, पण खूप वर, चित्राच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात. मग टेबल आपल्याकडे कलल्यासारखं वाटतं. कवठ समोरून आणि शिंपला वरून पाहिल्यासारखा काढला तरी चालतं. एकाच चित्रात दोन ठिकाणांहून बघणं ही आधुनिक चित्रकारांनी घेतलेली मोकळीक आहे.

सहातलं एक रेखाटन निवडा. निवडलेलं चौकटीसह मोबाइलवर फोटो काढून उलटं करून बघा. उलटंही बघवत असेल तर पुढे जा.

रंग

सरावासाठी अॅक्रिलिक सोयीचे. तयार अस्तर दिलेला १६ × २० इंची कॅनव्हास, एक इंची आणि अर्धा इंची चपटे ब्रश, एक बारीक गोल ब्रश. ट्यूबा पाचच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि कॅडमियम रेड ह्यू. काळा मुद्दाम घेतलेला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की जवळजवळ काळा होतो, आणि एकाचं प्रमाण वाढवलं की तो निळसर किंवा तपकिरी बाजूला झुकतो. पांढरा घातला की त्यातूनच करड्या छटांची रांग मिळते. सगळे रंग एकाच घरातले असले की चित्र आपोआप जुळून येतं.

मार्च-एप्रिलच्या उकाड्यात अॅक्रिलिक पॅलेटवर पाच मिनिटांत वाळतो. स्टीलच्या ताटलीत ओला टिश्यू पेपर घडी करून ठेवा, त्यावर केक भाजायचा कागद आणि त्यावर रंग. वर दुसरी ताटली पालथी घातली की रंग दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ब्रश मात्र हातातून ठेवला की लगेच पाण्यात.

आधी बर्न्ट सिएना पाण्यात पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर फिरवा. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि फसगत होते. तो वाळला की त्याच रंगाच्या रेघेने मधल्या जागा काढायला घ्या. कवठाची बाह्यरेषा काढायची नाही. कवठ आणि शेंग यांच्या मधला त्रिकोण काढा, शिंपल्याखालची चिमटी काढा, जांभ्याच्या उजवीकडची उभी पट्टी काढा. हे सगळे तुकडे बसले की मध्ये वस्तू उरलेल्या असतात, आणि त्या बरोबर जागी असतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला हातचलाखी पाहिल्यासारखं वाटलं होतं.

रंगाची सुरुवातही मधल्या जागांनीच करा. पार्श्वभूमी शेवटी ‘भरायची’ ही सवय मोडायला वेळ लागतो. मोठ्या ब्रशने पार्श्वभूमी, टेबल आणि सावल्या या तिघांचे सपाट पट्टे आधी घाला. सावलीलाही वस्तूइतकाच ठाम आकार द्या. कवठाची सावली टेबलावर लांबट पडते, शेंगेला ओलांडताना मोडते. ती मोड नीट दाखवली की त्या दोन वस्तू एकमेकींच्या शेजारी राहायला लागतात.

मग कवठ. दुरून ते पांढरट वाटतं, जवळून बघितलं तर करड्या-हिरवट सालीवर खरवडल्यासारखी पांढरी भुकटी पसरलेली दिसते, देठापाशी तपकिरी खाच असते. पांढऱ्यात यलो ऑकर घ्या, त्यात अल्ट्रामरीनचा ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच कण घाला, की तो मातकट हिरवट होतो. जास्त हिरवा झाला तर बर्न्ट सिएनाने शांत करा. याच्या तीन छटा करा: उजेडातली, मधली, सावलीतली. तीन सपाट पट्ट्यांत कवठ बसवा आणि पट्ट्यांच्या कडा घासून मिसळू नका. कड दिसू द्या. सगळ्यात वरून जवळजवळ कोरड्या ब्रशवर पांढुरका रंग घेऊन एकदाच हलका ओढा. कॅनव्हासच्या दाण्यावर तो तुटक बसतो आणि साल खरखरीत होते. कवठावर तांब्यासारखा चकाकता ठिपका कधीच पडत नाही, त्याचा उजेड पसरट आणि मंद असतो. तिथे पांढरा ठिपका दिला तर कवठाचा टेनिसबॉल होतो.

चकाकी ठेवायची ती शिंपल्याच्या आतल्या बाजूला, आणि तीही एकच. शिंपल्याच्या खोलगट भागाला पांढऱ्यात चिमूटभर लाल आणि निळा घालून जांभळट करडा वापरा. जांभ्याला बर्न्ट सिएना, लाल आणि ऑकर. त्याची सगळी भोकं काढत बसू नका, पाच-सहा मोठी पुरतात. शेंग म्हणजे एक गडद पट्टा, बाकी काही नाही. चित्रातली ती सगळ्यात ठाम रेघ आहे, तिला तसंच राहू द्या.

बाह्यरेषा द्यायची का? जिथे दोन शेजारच्या छटा जवळजवळ सारख्या झाल्यात, तिथे थोडी निळसर रेघ द्या, आणि जिथे फरक स्पष्ट आहे तिथे रेघ गायब होऊ द्या. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ दिली की चित्र रंगवायच्या पुस्तकातलं वाटतं.

हे सगळं अॅक्रिलिकमध्येच करायला हवं असं नाही. के. एच. आरा (१९१४–१९८५) लहानपणी मुंबईत पळून आले, मोटारी धुण्याची कामं करत वाढले आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटात उभे राहिले. त्यांची फुलांची आणि फळांची स्थिरचित्रं म्हणजे साधी मांडणी आणि अंगभर रंग. जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग) ते इतके जाड लावायचे की तैलरंग वाटावेत. पोस्टर कलर आणि जाड कागद एवढंच हाताशी असेल तर आरांची चित्रं शोधून बघा, धीर येतो.

एक गोष्ट अॅक्रिलिकची: वाळल्यावर रंग किंचित गडद होतो. हवा त्यापेक्षा अर्धी छटा उजळ मिसळा.

थांबायचं कधी

चित्र ‘होत आलं’ असं वाटलं की दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग आरशात बघा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन वस्तू एकमेकींत विरघळल्या असतील तर एकीची छटा बदला. त्यापलीकडे हात लावू नका. माझ्याकडच्या बहुतेक चित्रांचा ताजेपणा या शेवटच्या अर्ध्या तासात मरतो.

अॅक्रिलिकचा थर पातळ असेल तर कोरड्या हवेत तीन-चार दिवस, जाड असेल तर दोन आठवडे वाळू द्या आणि मगच वार्निश. तैलरंगाला सहा महिने ते वर्षभर. पावसाळ्यात वार्निश करू नका, दमट हवेने त्यावर दुधट झाक येते. अशा चित्राला चकचकीत वार्निश मला पटत नाही, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. मॅट वार्निशने गडद रंग थोडे फिके पडतात, म्हणून मी दोन्हींच्या मधलं, मंद चकाकीचं सॅटिन वापरते. दोन पातळ थर, दुसरा पहिल्याच्या आडवा.

चौकट

माझं पहिलं फ्रेम केलेलं चित्र पोस्टर कलरचं होतं. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, न घालता काच थेट कागदावर दाबून बसवली, मलाही तेव्हा कळत नव्हतं. तिसऱ्या पावसाळ्यात काच काढली तेव्हा निम्मा शिंपला काचेबरोबर उठून आला. तेव्हापासून नियम कायमचा: कागदावरच्या चित्राला अॅसिड-फ्री माउंट हवंच, म्हणजे काच आणि कागद यांच्यात हवा राहते. माउंट तीन इंचांचं घ्या, खालची पट्टी अर्धा इंच जास्त. रंग पांढुरका. चित्रातल्या लाल रंगाशी ‘मॅचिंग’ माउंट कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा.

कॅनव्हासला काच लागत नाही. फ्लोटर फ्रेम सांगा, म्हणजे कॅनव्हासच्या कडा आणि लाकडी पट्टी यांच्यात सात-आठ मिलिमीटरची काळी फट राहते. इतका वेळ आपण जपलेली मधली जागा ही फट चित्राच्या बाहेरही चालू ठेवते, आणि चौकटीबाहेर गेलेलं शेंगेचं टोक झाकलं जात नाही. पट्टी सागाची किंवा काळी, नक्षी नसलेली. कागदाच्या चित्रामागे बोर्ड लावून कडा टेपने बंद करून घ्या, कसर तिथूनच शिरते. कुठल्याही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबरी बटणं चिकटवा. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागे हवा खेळते.

भिंत

कोकणात आणि मुंबईत नैर्ऋत्य-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. चित्र आतल्या भिंतीवर लावा. थेट ऊन, स्वयंपाकघराचा धूर आणि देवघरातली समई यांच्यापासून लांब.

उंचीचा नेहमीचा हिशेब असा, की चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर. बहुतेक घरांत चित्रं याहून बरीच वर लटकलेली असतात, पूर्वजांच्या तसबिरींच्या रांगेत. जिथे माणसं खाली सतरंजीवर किंवा बुटक्या दिवाणावर बसतात, तिथे मी मध्य ४८ इंचांवर आणते. चित्र बसूनच बघायचं आहे. सोफ्यावर लावताना सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांच्यात सहा ते आठ इंच. जास्त अंतर सोडलं की दोघांचा संबंध तुटतो.

खिळ्याची जागा गणिताने काढा. समजा फ्रेम १८ इंच उंच आहे. मागे वरच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश खाली दोन डी-रिंग आणि तार. तार मधोमध वर ताणून धरली की ती वरच्या कडेच्या ३ इंच खाली येते. मग ५८ अधिक निम्मी उंची ९, वजा ३, बरोबर ६४ इंच. तिथे पेन्सिलची खूण करा, ६ मिलिमीटरचं भोक, गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) आणि स्क्रू. चिऱ्याची भिंत ठिसूळ असते, तिथे लांब गिट्टी घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. भोकाखाली कागदाचं पाकीट चिकटवलं की धूळ त्यात पडते.

दिवा छतातून, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात. त्याहून सपाट झाला की आपलीच सावली चित्रावर पडते, त्याहून उभा झाला की फ्रेमची. कागदावरच्या रंगांना संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) आसपासच, म्हणजे मंद प्रकाश देतात, तेव्हा घरीही दिवा सौम्य असू द्या आणि नको तेव्हा बंद.

चित्राखाली तेच कवठ, तोच शिंपला सजवून ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. ठेवू नका. येणारा जाणारा दोन्हींची तुलना करत बसतो आणि चित्र पुन्हा परीक्षेला बसतं. खाली रिकामं टेबल किंवा मातीचं एक साधं भांडं पुरे. चित्राच्या दोन्ही बाजूंना निदान त्याच्या निम्म्या रुंदीएवढी भिंत मोकळी सोडा. दोन चित्रं शेजारी लावायची तर मध्ये दोन-तीन इंच, आणि हे अंतर आधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे कागद चिकटवून दिवसभर बघा.

टांगण्याआधी फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: नाव, महिना, साल, माध्यम, वार्निश कुठलं, आणि वस्तू कुठून आणल्या. माझ्या हॉलमधल्या चित्रामागे ‘जांभा: आजोळच्या पडलेल्या गडग्यातला’ असं लिहिलंय. गणपती झाले की चित्र एकदा उतरवायचं, मागची बाजू कोरड्या मलमलने पुसायची, बुरशीचा वास येतो का बघायचं, तासभर पंख्याखाली ठेवायचं आणि परत त्याच स्क्रूवर लावायचं.